आबाजींची पाठ

नवरदेव खुर्चीवर बसला आणि भाड्यानं आणलेला चोपदार त्याला सरळ पाठ दाखवून मंचावरून खाली उतरला.

"अगं बाई, पाठ दाखवली त्यानं!" माझ्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं. शेजारी बसलेल्या बाईनं जिलबी हातातच धरून माझ्याकडे पाहिलं. मी हसून वेळ मारून नेली. बालाघाटातलं लग्न, वैनगंगेकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं लॉन, चारी बाजूंना दिवे. चोपदाराच्या अंगावर साटिनचा लाल झगा, पायात कॅनव्हासचे बूट आणि हातात सोनेरी कागद गुंडाळलेला पाइप. पन्नाशीचा गृहस्थ होता, आवाज मात्र खणखणीत. "आस्ते कदम, निगाह रखो" एवढं त्यानं बरोबर उचललं होतं, कुठून ते देव जाणे. पुढचं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. काम झालं तसा तो वळला आणि पुलावाच्या रांगेत जाऊन उभा राहिला. मला त्याचा फार राग आला. जरा वेळानं कळलं, की राग नव्हेच तो. मला त्या नवरदेवाचा हेवा वाटला होता. त्याला आपल्या चोपदाराची पाठ इतक्या सहज पाहायला मिळाली.

परतीची गोंदियाची बस दुसऱ्या दिवशी दुपारची होती. सकाळ मोकळी होती म्हणून मी आमची जुनी गल्ली शोधत गेले. बाबा सरकारी कचेरीत होते तेव्हाचं आमचं भाड्याचं घर, एकामागे एक तीन खोल्या, वर कवेलूचं छप्पर, मागे अंगण आणि अंगणात उतरायला तीन पायऱ्या. आता तिथं एक शिलाईवाली बाई राहते. मधल्या खोलीत तिचं मशीन आहे. मी कोण ते सांगितल्यावर ती म्हणाली, "आइए ना, अंदर आ जाइए, देख लीजिए." मी उंबऱ्याशी थांबले. कोणत्याही खोलीत शिरताना मी असा क्षणभर थांबते, पन्नासाहून जास्त वर्षं झाली तरी. नवरा म्हणायचा, तू दारात कुणाची वाट पाहतेस? त्याला काय सांगणार? आत येण्याआधी कुणीतरी माझं नाव पुकारावं याची सवय होती मला.

मग मी आत गेले ती भिंतीच्या कडेकडेनं.

"उधर से क्यूँ जा रही हो? बीच में तो जगह है," बाई म्हणाली.

तिला जागा दिसत होती. मला तिथं माणसं उभी दिसत होती.

आमच्या घराण्यात चोपदारी होती. चोपदार म्हणजे राजाच्या येण्याची वर्दी देणारा, हातात चांदीची काठी घेऊन दरबारात उभा राहणारा मानकरी. कोणत्या राजाचा, ते सांगत नाही. राज्य जाऊनच तेव्हा शंभर वर्षं उलटली होती, आता नाव काढून कुणाला कशाला त्रास? नागपूरकडे त्यांचा वाडा होता आणि दर दसऱ्याला तिथं दरबार भरायचा, एवढं सांगितलं तरी पुरे.

राज्य गेलं तेव्हा मानकऱ्यांची कामं गेली, पण उभं राहायच्या जागा गेल्या नाहीत. हे आबाजींचं, माझ्या आजोबांचं, आवडतं बोलणं. शिक्का सांभाळणाऱ्या घराण्यात शिक्का उरला नव्हता, फक्त त्याची मखमली पिशवी उरली होती. ती लोंबू नये म्हणून तो मानकरी आत चार सुपाऱ्या टाकून आणायचा. सेनापतींचा वंशज रेल्वेत माल-बाबू होता आणि त्याची सगळी सेना म्हणजे त्याची सहा पोरं. राजाच्या मागे मोरपिसांचं मोरचेल धरणारा शाळामास्तर, पानदान धरणारा औषधांच्या दुकानात. वर्षभर ही माणसं आपापल्या टेबलाशी वाकून बसायची. दसऱ्याच्या दुपारी वाड्यातून मिळालेले अंगरखे चढवले की त्यांचे कणे सरळ व्हायचे. प्रत्येकाची जागा पिढ्यान् पिढ्या ठरलेली. एखादा आला नाही तर ती जागा तशीच रिकामी सोडायची, शेजारच्यानं तिच्यावर सरकायचं नाही. मी पाढे पाठ केले त्याआधी या जागा पाठ केल्या. उजवीकडून पहिले दिवाण, मग फडणीस, मग चिटणीस. डावीकडून सेनापती, निशाणवाला, शिक्केवाला. आबाजी मला पाठुंगळी घेऊन बाजारात न्यायचे आणि मी त्यांच्या मानेशी तोंड घालून हे घोकायची. त्या पाठीला तंबाखूचा, खोबरेलाचा आणि उन्हात वाळलेल्या सदऱ्याचा वास होता. जगात त्याहून सुरक्षित जागा मला माहीत नव्हती आणि पुढेही सापडली नाही.

छप्पन साली प्रांत तुटले. नागपूर तिकडे गेलं, बालाघाट इकडे राहिलं. गोंदियाच्या वाटेवर राजेगावच्या पुढे दुसरं राज्य लागतं, हे आबाजींना शेवटपर्यंत पटलं नाही. तरी दसऱ्याच्या आदल्या दिवशी काठी धोतरात गुंडाळून ते छोट्या लाइनच्या गाडीनं गोंदियाला जात आणि पुढे नागपूर गाठत. मग एका वर्षी पोस्टकार्ड आलं, यंदा दरबार नाही. त्याच्या पुढच्या वर्षी पोस्टकार्डही आलं नाही.

त्या दसऱ्याला सकाळीच चिंचेचा आंबट वास घरभर सुटला. आबाजी मागच्या पायरीवर बसून चिंच आणि राखेनं काठी घासत होते. आई चिन्नोरचा भात टाकत होती, त्याचा गोड वास त्या आंबट वासात मिसळला. दूर कुठंतरी रामलीलेचा ढोल वाजत होता. दुपारी आबाजींनी मधल्या खोलीतून तांदळाची कोठी सोडून सगळं हलवलं, पांढरी गादी अंथरली, तक्क्या ठेवला.

"आबाजी, हे काय करून राह्यले?" बाबांनी विचारलं.

"दसरा हाय ना. ललकारी कुठीतरी झाली पाह्यजे."

"रिकाम्या गादीपुढे?"

"गादी रिकामी नसते रे. माणूस नसते तिच्यावर, एवढंच."

मग त्यांनी जागा लावल्या. खिडकीशी मोरचेलवाला. कोनाड्याखाली शिक्केवाला. तांदळाची कोठी मध्ये येत होती म्हणून सेनापतींना जरा पुढे घेतलं. सगळे नुसते हवेत, पण त्यांनी हातानं दाखवलं तिथं ते उभे राहिले, ते पुढे कायमचे. एरवी थट्टेखोर असलेली माझी आईसुद्धा त्या दिवसापासून ताट घेऊन जाताना खोलीच्या कडेनं जाऊ लागली. "दिवाणजीले धक्का लागन बाप्पा," असं हसत म्हणायची खरी; पण जायची कडेनंच.

असे दोन दसरे गेले. तिसऱ्याला मी सात वर्षांची होते.

दुपारची वेळ. मी मागच्या अंगणात शेजारच्या पोरींशी खेळून आले होते, पाय धुळीनं भरलेले. आबाजी पांढरा अंगरखा आणि लाल पगडी घालून काठी धरून उभे. ललकारी देताना चोपदाराची नजर दाराच्या चौकटीवर असते, खाली नसते. "आस्ते कदम, निगाह रखो" म्हणताना त्यांच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. आणि ती पांढरी गादी इतकी गार दिसत होती, की मी मागच्या दारानं आले आणि तिच्यावर बसले. तक्क्याला टेकून, मांडी घालून. दुसरा काही विचार नव्हता. पाय पोळले होते, बस.

ललकारी संपली. आबाजींनी मुजऱ्यासाठी मान खाली आणली आणि मी त्यांना दिसले.

आई दारात होती, तिनं पदर तोंडावर धरला. मी म्हटलं आता कान पिळला जाणार. आबाजींनी काठी सरळ धरली. मग कमरेत वाकले. एकदा, दोनदा, तीनदा. हात जमिनीपासून कपाळापर्यंत. आणि तोंड माझ्याकडे ठेवून, एक एक पाऊल मागे टाकत, चौकटीला खांदा न लावता ते खोलीबाहेर गेले.

मला वाटलं खेळ आहे. मी धावत बाहेर गेले आणि म्हणाले, "आबाजी, पाठुंगळी घ्या!"

"हुकूम करा सरकार, पन हे नाई होनार," आबाजी म्हणाले. "सरकारले पाठ दाखवत नसते."

बाबा संध्याकाळी घरी आले तेव्हा मोठा वाद झाला. लहान पोर आहे, चुकून बसली, असं बाबा परोपरीनं सांगत राहिले. आबाजी शांतपणे ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "गादीवर कोन बसलं हे पाहनं चोपदाराचं काम नाई. ललकारी झाली तवा ज्याचं बूड गादीवर, ते सरकार." त्याच्यापुढे कुणाचं काही चाललं नाही. वेड लागलं होतं म्हणावं तर तसंही नाही. ते पेपर वाचत, बाबांची सायकल दुरुस्त करत, बाजारात भाजीवालीशी हिंदीत घासाघीस करत. बाकी जगासाठी ते जसेच्या तसे होते. फक्त मला ते हरवले.

सुरुवातीला मजा आली, खोटं कशाला बोलू? आईनं माझ्यावर हात उगारला की मध्ये चांदीची काठी आडवी यायची. गूळ हवा म्हटलं की गूळ. मी कोणत्याही खोलीत शिरले की आधी काठी जमिनीवर आपटायची आणि माझ्या येण्याची वर्दी मिळायची. न्हाणीघरातून आले तरी. लपाछपीत मी कोठीमागे लपले की आबाजी आत येऊन त्या कोठीला मुजरा करायचे, संपला खेळ. शाळेत पोचवताना ते माझ्या डाव्या हाताला, अंग तिरपं करून खेकड्यासारखे चालायचे, म्हणजे पाठ माझ्याकडे होऊ नये. शेजारची मिश्राइन आईला म्हणाली, "बहनजी, दादाजी को किसी को दिखा दो. बिटिया को ऐसे सलाम करते हैं, अच्छा नहीं लगता." आईनं त्या दिवशी सगळा राग भांड्यांवर काढला.

पण हळूहळू त्या घरात मला भीती वाटू लागली. दुपारी घर शांत असलं, की मधल्या खोलीत ती सगळी माणसं आपापल्या जागी उभी आहेत असं वाटायचं. खिडकीतून वारा आला तर मानेवर मोरचेल फिरल्यासारखं. पूर्वी मी त्यांना घोकत होते, आता ती माझी वाट पाहत होती. मी काहीतरी हुकूम द्यावा म्हणून इतकी जुनी माणसं ताटकळत उभी, आणि मी सात-आठ वर्षांची, मला त्यांना सांगायला काही नव्हतं. ताप आला तेव्हा मी आईला विचारलं होतं, "ह्या सगळ्यांना बसायला सांगू का?" आईनं माझ्या डोक्यावरची ओली पट्टी बदलली आणि म्हणाली, "सांग बाप्पा. लय दिवसाचे उभे हायेत."

आबाजींची पाठ मला कुठंच दिसेना. मी झोपल्याचं सोंग घेऊन पाहिलं, दाराआडून पाहिलं. सरकार आसपास आहेत एवढं त्यांना पुरायचं, ते तोंड माझ्याकडे करायचे. माझं पाऊल त्यांना तीन खोल्यांपलीकडून कळे. पाऊल ऐकूनच कोण आलं ते ओळखायचं, ही तर चोपदाराची विद्या. मी मोठी होत गेले तशी मला त्यांची लाज वाटू लागली, आणि लाज वाटते म्हणून स्वतःचा राग येऊ लागला. एकदा मी रडून म्हटलं, "आबाजी, मले एक डाव पोट्टे म्हना ना." पोट्टे म्हणजे पोरी, ते पूर्वी मला तशीच हाक मारायचे, ये पोट्टे, जाय पोट्टे. आबाजींचे डोळे भरून आले. भरून आले हे मी पाहिलं. पण ते म्हणाले, "जीभ झडन माह्यी, सरकार."

मी चौदाची झाले त्या वर्षी पावसाळा लांबला. भाद्रपदात मागच्या तीनही पायऱ्यांवर शेवाळ धरलं होतं. मी अंगणात खाटेवर वाचत बसले होते. आबाजी बशीत पेरूच्या फोडी घेऊन आले, बशी ठेवली, मुजरा केला आणि मागे मागे पायऱ्या चढू लागले. सात वर्षं ते असेच चढत होते, कधी चुकले नाहीत. त्या दिवशी दुसऱ्या पायरीवर टाच घसरली. पडतानासुद्धा त्यांनी तोंड माझ्याकडेच ठेवलं. हात टेकायला वळायचं, तेवढंही वळले नाहीत.

कोपर सुजलं, कंबर काळीनिळी झाली. डॉक्टर म्हणाले, या वेळी निभावलं, पुन्हा असे पडले तर हाड मोडेल आणि मग उठणार नाहीत. बाबा मला बाजूला घेऊन बसले.

"तुह्याशिवाय कोनाचं ऐकनार नाई ते. तूच त्यायची काठी काढून घे."

"काय सांगू?"

"सरकारसारखं सांग. अन कारन सांगजो नको. कारन सांगतलं का ते वाद घालतीन, रात्रंदिवस घालतीन. राजे कारन सांगत नसते."

बाबांना आबाजी पडतील याची भीती होती. मलाही होती, पण खरं सांगायचं तर मला त्याहून जास्त ती पाठ हवी होती. चौदा वर्षांच्या मुलीचा स्वार्थ फार सरळ असतो. मी बाबांनी लिहून दिलेलं वाक्य दोन दिवस घोकलं.

दसरा नव्हता, साधा गुरुवार होता. मधल्या खोलीत मी स्वतःच्या हातानं गादी अंथरली आणि बसले. आबाजींना हे पाहून इतका आनंद झाला, की दुखऱ्या कमरेनं ते अंगरखा घालून आले. बाबा दारात उभे होते.

"चोपदार," मी म्हटलं, "आजपासून तुमची चोपदारी संपली. काठी खाली ठेवा. आम्ही तुम्हाला मोकळं केलं."

खिडकीतून ऊन येत होतं, त्यात धूळ तरंगत होती.

"गुन्हा, सरकार?"

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, सांगू नको.

"गुन्ह्याबिगर काठी काढत नसते," आबाजी हळूच म्हणाले, मला आठवण करून दिल्यासारखे. "चोपदार मेला का पोराकडे जाते. जित्यापनी काढली तर गुन्हा सांगाव लागते."

मी गादीवर ताठ बसले. मला वाटलं, आता एवढंच सहन करायचं, की झालं. राजे कारण सांगत नाहीत.

"बरं," आबाजी म्हणाले. "सरकारची मर्जी."

त्यांनी काठी आडवी जमिनीवर ठेवली. तीन मुजरे केले. आणि वळले.

सात वर्षांनी मी ती पाठ पाहिली. मला आठवत होती ती रुंद होती, तिच्यावर मी आडवी मावायची. ही अरुंद होती. अंगरख्याच्या आत खांद्याची दोन हाडं वर आली होती आणि मानेखाली बाक आला होता. मी मोठी होत होते त्या वर्षांत ती माझ्या नजरेआड म्हातारी झाली होती. तरी मला आनंद झाला. मी गादीवरून उठून धावले आणि त्यांना मागून मिठी मारली, अंगरख्यात तोंड खुपसलं. तोच तंबाखू, तेच खोबरेल. मी हसत होते आणि रडत होते. आबाजी मी सोडेपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, "जाय पोट्टे, अभ्यास कर."

त्या रात्री मला शांत झोप लागली, ती आठवली की आजही अंगावर काटा येतो.

शिलाईवाल्या बाईनं चहा ठेवला होता. "कौन रहता था यहाँ?" तिनं विचारलं. मी म्हटलं, आमचे आजोबा. तिनं सवयीनं मशीनचं चाक हातानं फिरवलं आणि थांबवलं. ते मशीन नेमकं गादीच्या जागेवर आहे. भिंतीला चुना नवा आहे, पायऱ्या आता सिमेंटच्या आहेत. तांदळाच्या कोठीच्या जागी कापडाचे तागे रचलेत. कप खाली ठेवायला मी उठले ती पुन्हा कडेनं गेले. मोरचेलवाला, शिक्केवाला, सेनापती, सगळे अजून उभे. त्यांना कुणीच मोकळं केलं नाही. मोकळं करायला मला एकच माणूस सुचला होता.

काठी गेल्यावर आबाजी सरळ चालू लागले आणि सरळ चालताना अडखळू लागले. मागे चालताना ज्यांचा खांदा कधी चौकटीला लागला नाही, त्यांना समोरची खुर्ची दिसेना. पेपर घडी न मोडता पडून राहू लागला. दारात कुणी आलं की विचारायचे, "कोन आलं?" बाबा आले तरी विचारायचे, आई आली तरी. त्यांना पावलं ओळखू येईनाशी झाली होती. की ओळखायचं त्यांनी सोडून दिलं होतं, ते मला कळलं नाही. मला मात्र ते पोट्टे म्हणत. मी न्हाऊन आले की "केस वाळव पोट्टे," जेवताना "लोणचं घे पोट्टे." मी तो शब्द दिवसातून दहा वेळा त्यांच्याकडून वदवून घ्यायची. दसरा आला. गादी घातली नाही. आईनं चिन्नोरचा भात केला, सोनं वाटून झालं, आणि दुपारभर आबाजी हात मांडीवर ठेवून खिडकीकडे बघत बसले. बाबांनी काठी कपड्यात गुंडाळून नागपूरला नेऊन पोचती केली. निदान ती तरी आपल्या जागी जावी, असं ते म्हणाले.

संक्रांत आबाजींनी पाहिली नाही. ते गेले त्याच्या आठ-दहा दिवस आधीची एक दुपार आहे. आबाजी मागच्या खोलीत खाटेवर निजले होते. दार उघडं ठेवून त्यांच्या पायांवर ऊन घेतलं होतं. मी आत गेले.

"कोन आलं?"

"मी."

"पोट्टी काय? ये, बस."

मी खाटेच्या काठावर बसले. त्यांनी माझा हात चाचपून धरला. त्यांचा तळवा काठी धरून धरून एका बाजूनं कडक झाला होता, तो तसाच होता.

"पोट्टे," ते आवाज अगदी लहान करून म्हणाले, कुणी ऐकू नये तसा, "आपल्या घरी ते सरकार होते ना. लहानसे."

"हौ."

"त्यायनं माह्यी काठी काढून घेतली. गुन्हा नाई सांगतला. मी लय याद करून राह्यलो, पन मले काई सापडत नाई. माह्यं काय चुकलं, तुले काई मालूम हाय काय?"

चार महिने हा माणूस रात्रंदिवस आपला गुन्हा शोधत होता आणि मी त्यांच्याकडून एक शब्द मोजून घेत होते.

"काईच चुकलं नाई आबाजी," मी म्हटलं. "तुमी मागं चालताना पडसान म्हनून काढली. मीच तर होती ते सरकार. मीच सांगून राह्यली ना तुमाले, तुमचा कोनताच गुन्हा नव्हता."

आबाजींनी माझ्याकडे पाहिलं. किती मायेनं पाहिलं ते सांगता येत नाही. सात वर्षं मी त्या नजरेसाठी तळमळले होते. नातीकडे पाहावं तशीच होती ती, तिच्यात मुजरा कुठंही नव्हता.

"चूप, पोट्टे," ते म्हणाले. "सरकारचं सोंग करू नये. गुन्हा असनच काहीतरी. त्यायलेच मालूम."

माझा हात त्यांनी दोनदा थोपटला, जशी लहान पोराची समजूत काढतात, आणि भिंतीकडे कूस वळवली. पाठ माझ्याकडे होती. मी तिच्यावर हात ठेवला आणि दिवेलागणीपर्यंत ती चेपत बसले.